भंगारातली मोटर आणि भोवरा

भोवरा आपण सगळेच फिरवतो. पण तो इतका गोल होतो कसा? लाकूड फिरतं ठेवायचं आणि पटाशी टेकवून धरायची. जिथे जास्त असेल तिथलं लाकूड सोलून निघतं आणि गोल आकार उरतो. याला कातीव काम म्हणतात. हे काम करणारा तो कातारी.

सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत सावंतवाडी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. पूर्वी कातारी लाकडाला दोरीचा वेढा देत. एक जण दोरी मागेपुढे ओढी, दुसरा पटाशी धरी. लाकूड एकदा सुलटं, एकदा उलटं फिरे. सुलट्या फेऱ्यातच कापलं जाई, उलटा फेरा फुकट जाई. विजेची मोटर एकाच दिशेनं फिरते, म्हणून काम भराभर होतं.

आमची चूक

आमच्याकडचं कपडे धुण्याचं जुनं यंत्र खाऱ्या हवेनं गंजलं. भंगारात देणार तोच काका म्हणाले, "थांबा, पत्रा गेलाय, मोटर नाही." अशा यंत्रात दोन मोटरी असतात. एक कपडे घुसळायची, दुसरी पिळायची. काकांनी घुसळायची मोटर काढली आणि लाकूड थेट तिच्याच दांड्यावर बसवलं. पटाशी लावताच दांडा थरथरला. लाकूड सुटलं आणि काकांच्या कानाजवळून जाऊन दारावर आपटलं. कुणाला लागलं नाही, पण दाराला खड्डा पडला. आजोबांनी त्या दिवशी काम बंद करायला लावलं.

असं का झालं? आपण तरफ शिकलो आहोत. लाकूड दांड्याच्या टोकाला होतं. टोकावर पटाशीचा थोडा जोर पडला, तरी आतल्या बुशावर तो कितीतरी वाढून पोचला. मोटर फिरवायला बनवलेली असते, असे धक्के खायला नव्हे.

सुधारलेली रीत

१. फणसाच्या जाड फळीवर दोन बेअरिंगं घरांसकट बोल्टनं आवळली. दोघांत एक वीत अंतर ठेवलं.
२. त्यांतून पोलादी दांडा घातला. यालाच स्पिंडल म्हणतात. आता भार हा सोसतो.
३. दांड्याच्या एका टोकाला लोखंडी चकती आहे. लाकूड तिच्यावर मागून चार स्क्रूंनी पक्कं करतात.
४. दुसऱ्या टोकाला पुली लावली आणि मोटरपासून पट्टा घेतला. पटाशी अडकली तर पट्टा घसरतो.
५. धुण्याच्या यंत्रात ही मोटर उलटसुलट फिरते. वायरमन मामांनी टायमर काढून ती एकाच दिशेला जोडली आणि अर्थिंग दिलं.

फेऱ्यांचा हिशेब

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. मिनिटाला ५० × ६० = ३०००. मोटरीत चुंबकीय ध्रुवांच्या दोन जोड्या, म्हणून ३००० ÷ २ = १५००. मोटर नेहमी याहून जरा मागे राहते. आपण १४०० धरू.

मोटरची पुली ५ सें.मी. आणि स्पिंडलची १० सें.मी. असेल, तर फेरे निम्मे, म्हणजे ७०० होतात. १० सें.मी. रुंद झाकणाचा घेर ३१.४ सें.मी. म्हणजे मिनिटाला पटाशीखालून सुमारे २२० मीटर लाकूड सरकतं. ५ सें.मी. रुंद भोवऱ्याचा घेर निम्मा. दोन्ही पुल्या सारख्या केल्या की फेरे १४०० होतात, आणि लाकूड सरकतं तेवढंच, २२० मीटर. म्हणून लाकूड मोठं तर फेरे कमी ठेवावेत.

काळजी

• मोटर उघडणं आणि वायर जोडणं हे मोठ्यांचं, तेही जाणकारांचं काम. मुलांनी एकट्यानं हात लावू नये.
• कपॅसिटर वीज बंद केल्यावरही वीज धरून ठेवतो. झटका बसतो.
• पावसाळ्यात ओल धरलेली मोटर तपासल्याशिवाय लावू नये.
• पट्ट्यावर झाकण हवं. डोळ्यांना चष्मा हवा. ओढणी, सैल बाह्या, हातमोजे नकोत.
• लाकूड आधी हातानं फिरवून पाहावं. चालू करताना त्याच्या समोर उभं राहू नये.

या यंत्रावर लाकूडच कातावं. लोखंड कातायला यंत्र याहून बळकट लागतं.

काकांनी पहिला भोवरा पांगाऱ्याच्या लाकडाचा केला. आजोबांनी तो हातावर फिरवून पाहिला आणि मग दाराच्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बुजवू नका. आठवण राहू दे." तो खड्डा अजून तसाच आहे.

पालकांनो, मोडकं यंत्र भंगारवाल्याला देण्याआधी त्यातलं काय चांगलं आहे ते एकदा पाहा. आणि मित्रांनो, हे गणित सोडवा : मोटरची पुली ५ सें.मी., स्पिंडलची ७ सें.मी., तर स्पिंडलचे फेरे किती?

(उत्तर : १०००)

— इयत्ता सातवी