पाच अंशांतली ऊब

(निफाड तालुक्यातला मळा, जानेवारी. आप्पांची सारी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात झाली. सई त्यांची नात.)

सई : आप्पा, बाबा हॉट अँड कोल्ड एसी घ्यायचा म्हणतायत. तो म्हणे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो. पहाटे पारा पाच अंशांवर असतो आपल्याकडे. त्या हवेत कसली आलीय उष्णता?

आप्पा : अगं, उणे २७३ अंशांपर्यंत खाली जाईस्तोवर प्रत्येक वस्तूत उष्णता असतेच. थंडी वाढली की आपण पहाटे द्राक्षबागेला पाणी का सोडतो? विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, म्हणूनच ना?

सई : ते गरमच असतं, म्हणून देतं. इथे उलट आहे. गार हवेकडून गरम खोलीकडे उष्णता जाईल कशी?

आप्पा : आपणहून नाही जात. चढवावी लागते, वीज त्यालाच लागते. नळ्यांत आर-३२ वायू असतो. साध्या दाबाला तो उणे ५२ अंशांना उकळतो. बाहेरच्या युनिटमध्ये दाब असा राखतात, की तो उणे पाचच्या आसपास उकळावा. त्याच्या मानाने पाच अंशांची हवा गरमच! तिच्याकडून उष्णता घेऊन त्याची वाफ होते. ती कॉम्प्रेसर दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, तशी ती साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते. आत येऊन खोलीला उष्णता देते, पुन्हा द्रव होते. दाब सोडला की परत गार.

सई : म्हणजे मागून गरम होणारा आपला फ्रिजच. पण हवेतली उष्णता संपणार नाही?

आप्पा : पंखा सारखी नवी हवा ओढतो. बाहेरच्या युनिटवर कधी बर्फ धरतो, तेव्हा मशीन काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं.

सई : बरं. पण उणे पंधराला काय होत असेल?

आप्पा : नेमकं तिथेच अडतं! चढ वाढतो, फायदा घटतो. आपल्या थंडीत विजेच्या एका युनिटला तीन-चार युनिट उष्णता मिळते, तिथे दोनच्या आसपास. तरी नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप, म्हणजे अशी उष्णता चढवणारी यंत्रं, आहेत. ही कल्पना विल्यम थॉमसननं, पुढच्या लॉर्ड केल्व्हिननं, १८५२ सालीच मांडली होती. आणि आपल्याकडे हिटर मागितला की दुकानदार लाल कॉइल पुढे करतो! कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीची धुराड्यातून, कूलिंग टॉवरमधून जाताना मी जन्मभर पाहिलीय. ती वीज कॉइलमध्ये घालायची म्हणजे जीव तुटतो माझा. हीट पंपानं तिप्पट आणली, तर गेलेली जवळपास भरून निघते.

सई : आपली थंडी दोन-तीन महिन्यांची. तेवढ्यासाठी एवढे पैसे?

आप्पा : नुसत्या थंडीसाठी घेऊ नका. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच आहे, तर हा घ्या. पत्रकावर गरम करण्याची क्षमता वेगळी छापलेली असते, ती सहसा बाहेर सात अंश असताना मोजलेली. पाचाला किती भरते, ते बाबाला विचारून घ्यायला सांग. आणि त्याआधी त्या पूर्वेच्या खिडकीची फट बुजवा.