बातमी वाचू, इंग्रजीत बोलू

रात्रीच्या वर्गात आम्ही इंग्रजी बोलायला शिकतो. आधी पुस्तकातली वाक्ये घोकली. ‘धिस इज ए कॅट.’ पण मांजराविषयी बोलायचे तरी किती? म्हणून आम्ही वर्तमानपत्र घेतले. मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून वाचणे तसे नवे नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली दोन्ही भाषांत निघाले होते.

मे २०२४ मधली बातमी. कांद्यावरची निर्यातबंदी ४ तारखेला उठली. ती डिसेंबर २०२३ पासून होती. गुरुजींनी फळ्यावर लिहिले : ‘ओनियन’ म्हणजे कांदा, ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे निर्यात, ‘बॅन’ म्हणजे बंदी. एक दादा उठून म्हणाले, “बॅन गॉन!” सगळे हसले. पण अर्थ सर्वांना कळला. बोलताना मध्येच चूक काढायची नाही, असे आमचे ठरले आहे.

दादांच्या चाळीत कांदा होता. ते म्हणाले, “आता भाव चढणार. मी माल थांबवतो.”

मावशी म्हणाल्या, “अहो, खाली काय लिहिलंय ते तर वाचा.”

खाली होते : टनाला ५५० डॉलरपेक्षा कमी भावाने माल परदेशी धाडायचा नाही. शिवाय ४० टक्के निर्यात शुल्क.

“म्हणजे दार उघडलं, पण साखळी लावूनच!” मावशी म्हणाल्या.

मग वाद रंगला. ‘सेल’ की ‘वेट’? प्रत्येकाने ‘बिकॉज’ म्हणून कारण सांगायचे. दादा तीनदा अडखळले. शेवटी म्हणाले, “हाफ सेल. बिकॉज मनी नीड.”

शुल्क १ एप्रिल २०२५ पासून निघाले. ती बातमी दादांनी वाचली, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.