भूत कोणाचे होते?

शास्त्रपाठ : मार्क ५:१-२०; मत्तय ४:२४



आपल्या देशातील लोककथांत भुतांची गर्दी आहे. परंतु त्या गर्दीलाही एक शिस्त आहे. कोण मेले व कसे मेले, यावरून भुताचा प्रकार ठरतो. मुंज झालेला पण सोडमुंजीपूर्वी वारलेला मुलगा ‘मुंजा’ होऊन पिंपळावर राहतो. ज्याची उत्तरक्रिया करणारे कोणी उरले नाही, तो ‘समंध’ होतो. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीला महाराष्ट्रात ‘अलवंतीण’ किंवा ‘हडळ’ म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात तीच उलट्या पावलांची ‘चुडैल’ होते. बंगालमध्ये अविवाहित मेलेली ‘पेत्नी’, तर हाती शंखाच्या बांगड्या असलेली विवाहिता ‘शाकचुन्नी’ होय.

या यादीतून काय दिसते? ज्यांचे आयुष्य अपुरे राहिले, त्यांचेच भूत होते. प्रसूतीत स्त्रिया घरोघर मरत असत, त्या काळी जिची शुश्रूषा झाली नाही, तीच मेल्यावर घराची वैरीण ठरली. समाजाच्या मनातील अपराधाची टोचणी अशा रीतीने भयाचे रूप घेते. म्हणून या कथांना केवळ हसून चालणार नाही. त्यांत कित्येक दुःखे पुरलेली आहेत.

१. शब्दाचा विचार

‘भूत’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘झालेले, होऊन गेलेले’ असा आहे. शुभवर्तमानांत प्रभू येशू ज्यांना घालवितो, त्यांच्यासाठी ग्रीक शब्द ‘दायमोनिऑन’ हा आहे. ‘अशुद्ध आत्मा’ असेही म्हटले आहे. प्रभूला पाण्यावरून चालताना पाहून शिष्य घाबरले, तेथे मात्र ‘फांतास्मा’, म्हणजे भासमान आकृती, हा निराळा शब्द येतो (मत्तय १४:२६). मराठीत दोहोंसाठी ‘भूत’ हाच शब्द जवळचा वाटतो. आणि तो वाचताच मुंजा व हडळ आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु अशुद्ध आत्मे हे मृत माणसांचे आत्मे आहेत, असे शुभवर्तमान कोठेही सांगत नाही. म्हणून बाळंतपणात गेलेली आपली सून वा लेक हडळ झाली, असे मानण्यास शास्त्राचा आधार नाही. तिची भीती बाळगू नका. तिच्यासाठी शोक करा व तिचे लेकरू सांभाळा.

२. आजार व भूतबाधा

मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षाघाती यांची नावे वेगवेगळी दिली आहेत. ज्या लेखकाने हा भेद राखला, त्याचे वाचक आपण प्रत्येक आकडीला ‘लागीर’ का म्हणावे? फेफरे व मनोविकार यांवर औषधोपचार आहेत. रोग्याला वैद्यापासून दूर ठेवणे ही श्रद्धा नव्हे.

३. साखळदंड कोणी घातले?

मार्क ५ मधील मनुष्याला साखळदंड लोकांनी घातले होते, प्रभूने नव्हे. प्रभूच्या भेटीनंतर तो वस्त्र नेसलेला, शुद्धीवर आलेला व शांत बसलेला दिसतो. पुढे प्रभू त्याला स्वतःच्या घरी पाठवितो. सुटकेची खूण हीच. जेथे रोग्याला बांधतात, मारतात, मिरचीची धुरी देतात, किंवा शेजारच्या विधवेला ‘चेटकीण’ ठरवितात, तेथे प्रभूची रीत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली असा छळ करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘डायन’ ठरवून स्त्रियांचा छळ होऊ नये म्हणून बिहारनेही १९९९ मध्ये कायदा केला. कायदा हात आवरू शकतो. भय मात्र प्रीतीनेच निघून जाते.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील भुताची एखादी कथा आठवा. तो मनुष्य जिवंत असताना त्याच्यावर कोणता अन्याय झाला होता?
२. आपल्या मंडळीत आजारी मनुष्याला ‘बाधा झाली’ म्हणून कोणी दूर ठेवले आहे काय? त्याला घरी आणण्यासाठी आपण काय करणार?