जड पाणी व घरांतील उपकरणें

पाणी निर्मळ दिसलें म्हणजे तें सर्व कामांस सारखेंच चांगलें, असा आपला सामान्य समज असतो. परंतु एका पाण्यांत डाळ लवकर शिजते व दुसऱ्यांत ती कितीही कढविली तरी टणकच राहते, हें गृहिणींस चांगलें ठाऊक आहे. अशा पाण्यास लोक 'जड पाणी' म्हणतात. शास्त्रीय पुस्तकांत त्यास 'कठीण' किंवा 'दुष्फेन', म्हणजे ज्यांत साबणाचा फेंस कष्टानें येतो असें, नांव आहे. या पाण्याचा आपल्या घरांतील उपकरणांवर काय परिणाम होतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पावसाचें पाणी मुळांत मृदु असतें. जमिनींत मुरतांना तें मातींतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून किंचित् आम्लधर्मी बनतें, आणि मग खडकांतील व चुनखडींतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यांत उतरतात. म्हणून खोल बोअरचें पाणी बहुधा जड, तर तलावांत सांठविलेलें पावसाचें पाणी बहुधा मृदु असतें. मुंबईस तानसा, वैतरणा, भातसा इत्यादि तलावांचें पाणी मिळतें. तेथील मनुष्य मराठवाड्यांत बोअरच्या पाण्यानें स्नान करूं लागला, कीं साबणास फेंस नाहीं ही त्याची पहिली तक्रार असते.

आतां हें पाणी तापविलें असतां काय होतें तें पाहूं. उष्णतेनें वायु निघून जातो, आणि त्याच्या आधारें विरघळलेला चुना पुन्हां दगड होऊन भांड्यास चिकटतो. तांब्याच्या जुन्या बंबांत जो पांढरा थर सांपडे, तो हाच. तांब्यांतून उष्णता जितक्या सुलभतेनें वाहते, तिच्या शंभराव्या हिश्शानेंही ती या थरांतून वाहत नाहीं. म्हणून चुलीवरील भांड्यांत थर बसला म्हणजे जाळाची पुष्कळशी ऊब बाजूनें निसटून जाते व जळण अधिक लागतें. विजेच्या गिझरची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याची तापणारी नळी पाण्यांतच बुडालेली असल्यामुळें उष्णतेस दुसरी वाट नसते. ती थराआड कोंडते, नळी स्वतःच अतिशय तापते व शेवटीं जळून जाते. आपण दुकानदारास बोल लावतों. दोष मात्र पाण्याचा असतो.

या थराचें मान लहान नाहीं. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणें पिण्याच्या पाण्याचें काठिण्य लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावें. दुसरें पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत चालतें. समजा, तापविल्यानें खालीं बसणारें काठिण्य लिटरमागें ३०० मिलिग्रॅम आहे आणि घरांत रोज १०० लिटर पाणी तापतें. तर रोज ३० ग्रॅम, म्हणजे वर्षांत सुमारें ११ किलो दगड गिझरमधून जातो. त्याचा दहावा हिस्सा आंत राहिला, तरी किलोभर दगड सांचला!

कपडे धुण्याच्या यंत्रांतील तापनळीचीही हीच दशा होते. साबण प्रथम कॅल्शियमशीं मिळून चिकट साका बनतो, आणि कॅल्शियम संपल्यावरच फेंस येतो. तोंवरचा साबण फुकट जातो. वाफेच्या इस्त्रीचीं छिद्रें बुजतात. सर्वांत गंभीर गोष्ट गिझरच्या सुरक्षा-झडपेची आहे. आंतील दाब वाढल्यास पाणी बाहेर सोडणें हें तिचें काम. ती थरानें चिकटून बसली आणि त्याच वेळीं तापमान आवरणारी कळही बिघडली, तर टांकी फुटून जीवितास धोका पोहोंचतो.

मग उपाय काय? तुरटीनें गाळ बसतो, पण जडपणा जात नाहीं. कारण तो गाळ नसून विरघळलेलें द्रव्य आहे. १८४१ मध्यें ॲबर्डीन येथील रसायनशास्त्राचे अध्यापक टॉमस क्लार्क यांनीं चुन्याची निवळी घालूनच चुना काढण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. हें ऐकून नवल वाटेल. पण निवळी त्या वायूस पकडते, आणि आधार गेला कीं विरघळलेला चुना खालीं बसतो. हल्लीं राळेच्या बारीक मण्यांचीं यंत्रें मिळतात. हे मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन बदल्यांत सोडियम देतात, आणि थकले म्हणजे मिठाच्या पाण्यानें पुन्हां ताजे होतात. किटलींतील थरास लिंबूसत्त्वाचें पाणी पुरतें. गिझर ५५ ते ६० अंशांपलीकडे तापवूं नये, आणि वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून तो साफ करवून झडप तपासून घ्यावी.

विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन सारख्या बाटल्यांत समान पाणी घ्यावें. एकींत पावसाचें, दुसरींत घरच्या नळाचें. साध्या साबणाच्या वडीचें पाणी करून (डिटर्जंट नको) त्याचे थेंब एकेक टाकावे व प्रत्येक वेळीं बाटली हालवावी. टिकाऊ फेंस येण्यास जितके थेंब अधिक लागतील, तितकें पाणी जड. असें पाणी पिण्यास सहसा अपायकारक नसतें, म्हणून भिण्याचें कारण नाहीं. परंतु घरीं नवा गिझर येण्यापूर्वीं ही परीक्षा झाली, तर वडील मंडळींचा बराच खर्च वांचेल, आणि शाळेंत शिकलेलें शास्त्र घरच्या उपयोगीं पडेल.