पाचशेच्या स्टँपवरचा प्लॉट

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. यवतमाळात आर्णी रोडवर २२ वर्षांपासून भाड्याने राहतो. भाडे ६,००० रुपये. लोहाऱ्याकडे १,५०० चौरस फुटांचा प्लॉट १२ लाखांत मिळतोय. विकणारा ओळखीतलाच आहे. ‘सध्या पाचशेच्या स्टँपवर लिहून घेऊ, एनए-टीपी (बिगरशेती व नगररचना मंजुरी) झालं की रजिस्ट्री’ म्हणतो. नांदेडची रेल्वे सुरू झाली की भाव दुप्पट होईल म्हणतात. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. प्लॉट घ्यावा का? कमी पडले तर पर्सनल लोन काढू का?

– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : पर्सनल लोन काढून प्लॉट घेऊ नका. रेल्वेचा भाव विकणाऱ्याने त्या १२ लाखांत आधीच धरलाय.

गुरुजी, तुमची खरी काळजी प्लॉटची दिसत नाही. पगार थांबल्यावर घरमालकाने ‘खाली करा’ म्हटले तर जायचे कुठे, ही आहे. मग हिशेब तिथून करू. १२ लाखांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तरी वर्षाला ८४,००० येतात. तुमचे भाडे होते ७२,०००. घरमालकाने लिव्ह-लायसन्सचा नवा करार पुढे केला तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. जुन्या भाडेकरूचे हक्क त्या एका सहीत जाऊ शकतात.

आता तो स्टँप. आज रजिस्ट्री का होत नाही, हे विकणाऱ्याला विचारलेत का? बहुतेकदा तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरच्या बंदीमुळे. म्हणजे तो जे दाखवतोय ते आज शेतच आहे, चुन्याच्या रेघा मारलेले. करारनामा, ताबा पावती, मुखत्यारपत्र, तिन्ही नोटरी केले तरी मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट सांगितले आहे. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते. उद्या तो गेला की वारस म्हणतात, ‘बाबांनी काय लिहून दिलं आम्हाला माहीत नाही.’ माझ्याकडे अशा पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून आणणारी माणसे येतात. पावतीवर रक्कम असते, सही असते, साक्षीदार असतात. गट नंबरात आपला तुकडा नेमका कुठला, हेच नसते. ‘पुढे गुंठेवारीत नियमित होईल’ या भरवशावरही राहू नका. ती सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला आहे, नव्या रेघांना नाही.

सातबारा स्वतः काढा, विकणाऱ्याची झेरॉक्स नको. भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) लिहिलंय का, इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, बघा. आपल्या जिल्ह्यात त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुने फेरफार काढून मूळ खातेदार आदिवासी होता का ते पाहणे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. वर घर बांधले तरी ती परत जाऊ शकते.

आणि तिथे राहणार कोण? मुले परत येणार आहेत का, हे एकदा त्यांनाच विचारा. रिकाम्या प्लॉटवरचे अतिक्रमण पुण्याहून हटवता येत नाही.

तरीही घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याला म्हणा : एनए झाल्याचा पुरावा, मंजूर ले-आउटचा नकाशा आणि महारेराचा नोंदणी क्रमांक आणा, दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखताच्या दिवशी पूर्ण रक्कम देतो, चेकने. तोवर इसारही नाही.