आणीबाणीच्या सेवेत शिस्त आणि मनाचा धीर

कसारा घाटात किंवा माळशेजच्या रस्त्यावर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका भोंगा वाजवीत जाताना आपण सर्वांनीच पाहिली आहे. आपण बाजूला होतो आणि आतल्या रुग्णासाठी मनोमन हात जोडतो. त्याच्या शेजारी बसलेल्या डॉक्टरचा आणि गाडी हाकणाऱ्या चालकाचा विचार मात्र क्वचितच मनात येतो. राज्यात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. प्रत्येक गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक असतो. या चालकाला ‘पायलट’ म्हणतात.

“या लोकांना भीती वाटत नाही का हो?” असे रुग्णांचे नातेवाईक मला पुष्कळदा विचारतात. वाटते, तुमच्याआमच्याइतकीच वाटते. धीर हा जन्मजात गुण नाही. तो रोजच्या शिस्तीने हळूहळू अंगात मुरतो. हे कसे घडते, ते आज पाहू.

मण्यारचा दंश

आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात पाड्यावर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दात बारीक असतात, सूज किंवा वेदना फारशी नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय मात्र चालू असते. अशा वेळी सर्पविषावरील लस द्यावी लागतेच, पण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वास चालू ठेवला तरच रुग्ण हाती लागतो.

यासाठी तोंडावर मास्क धरून हाताने फुगा दाबतात. मोठ्या माणसाला दर ५ ते ६ सेकंदांनी एकदा, म्हणजे मिनिटाला १० ते १२ वेळा. ऐकायला सोपे वाटते. परंतु घाबरलेला हात आपोआप भराभर दाबू लागतो. मग हवा पोटात शिरते, उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्तही कमी होते. म्हणून शिकलेला माणूस मनात आकडे मोजतो. टोकावड्याहून कल्याणकडे नेताना खड्डे, वळणे, नातेवाइकांचे रडणे, सारे चालू असते. त्याचे मोजणे थांबत नाही. भीती मनात असली तरी हात शिकवलेले काम करीत राहतो. शिस्त म्हणतात ती हीच.

गाडी उभी असताना

ही सवय प्रसंग आल्यावर लागत नाही. तहान लागल्यावर विहीर खोदून कसे चालेल? पाळी सुरू होताच पुढील गोष्टी रोज, न चुकता कराव्या लागतात :

१) ऑक्सिजनच्या नळकांड्यातील दाब पाहणे.
२) घशातील स्राव ओढणारे यंत्र चालवून पाहणे.
३) लहान मुलांचा आणि मोठ्यांचा, असे दोन्ही मास्क जागेवर आहेत की नाहीत, ते पाहणे.
४) औषधांची मुदत तपासणे.
५) औषधाचे नाव आणि मात्रा सांगितल्यावर ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणणे.

झोप हाही शिस्तीचाच भाग आहे. सलग १७ तासांहून अधिक जागलेल्या माणसाचे लक्ष थोडे मद्य घेतलेल्या माणसाप्रमाणे ढळते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. घाटात गाडी चालवणाऱ्याला याहून वेगळे काय सांगावे?

जखमी अनेक, हात थोडे

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसविणारे अवाढव्य यंत्र कोसळले. २० जण मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी ज्याचा आक्रोश मोठा त्याच्याकडे धाव घेण्याचा मोह होतो. परंतु ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. गप्प पडलेला अधिक धोक्यात असू शकतो. म्हणून जखमींची रंगांनुसार वर्गवारी करतात. तातडीचा उपचार हवा तो लाल, थोडा थांबू शकेल तो पिवळा, चालता येते तो हिरवा आणि ज्याच्यासाठी काही करता येणार नाही तो काळा. काळी खूण करून पुढे जाणे फार कठीण असते. पण तसे न केले तर लाल खुणेचा माणूसही हातचा जातो.

घरी परतल्यावर

या खुणा करणारा माणूस घरी जातो तेव्हा ते दृश्य त्याच्याबरोबर जाते. काही दिवस झोप न लागणे, तेच चित्र डोळ्यांपुढे येणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक आहे. पूर्वी सर्वांना एकत्र बसवून घडलेले सारे सविस्तर बोलायला लावीत. त्याचा उपयोग होत नाही, असे दिसल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना आता तशी सक्ती करू नये, असे सांगते. जेवण, झोप, घरच्यांची सोबत आणि वाटेल तेव्हा ऐकून घेणारा सहकारी, हा पहिला उपचार होय. महिना उलटूनही त्रास कमी झाला नाही किंवा दारूचा आधार लागू लागला, तर डॉक्टरांना भेटावे. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे.

आपण काय करावे?

१) १०८ वर फोन करताना गाव, पाडा, फाटा आणि जवळची खूण शांतपणे सांगावी.
२) रात्री एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहावे.
३) सर्पदंशात जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालवू नये.
४) गाडीभोवती गर्दी करू नये. उशीर झाला म्हणून गाडीतल्यांवर हात तर मुळीच उगारू नये. २०१० च्या राज्य कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

आकडे मोजत फुगा दाबणाऱ्याचे लक्ष शिवीगाळीने विचलित झाले, तर त्याची किंमत आपल्याच माणसाला मोजावी लागते. त्याचा धीर टिकवणे काही अंशी आपल्याही हाती आहे, हे ध्यानात ठेवावे.