दुर्बळ शरीर आणि परोपजीवी जंतू : कारणे व खबरदारी

हिमायतनगर तालुक्यातील शेतकऱ्यास कुंपणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कुंपण शाबूत असले की रानडुक्कर बाहेरूनच परत फिरते. तेच कुंपण एका ठिकाणी मोडले, तर एका रात्रीत उभ्या पिकाचा नाश होतो. डुक्कर तेच असते, रानही तेच असते. फरक पडतो तो कुंपणाचा. माणसाच्या शरीराचेही असेच आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती हे त्याचे कुंपण होय. ते मोडले असता, एरवी निरुपद्रवी वाटणारे जंतू प्राणघातक कसे ठरतात आणि अशा माणसाचे रक्षण घरच्यांनी व ग्रामसेवकांनी कसे करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

परोपजीवी म्हणजे काय?

आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढते व झाडाच्या रसावर पोसते. त्याचप्रमाणे जे जीव दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगतात, त्यांस परोपजीवी जंतू म्हणतात. पोटातील जंत हे डोळ्यांना दिसणारे परोपजीवी. हिवतापाचे जंतू हे केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणारे. यांपैकी पुष्कळ जंतू निरोगी माणसाच्या शरीरात शिरतात, पण तेथे त्यांचे फारसे चालत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील उदाहरण

जनावरांच्या सर्रा रोगाचे जंतू रक्तात वाढतात. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे उंट व घोडे यांच्या रक्तात ते प्रथम ओळखले. जनावरांचे रक्त शोषणाऱ्या टॅबॅनस जातीच्या मोठ्या माश्या हा रोग पसरवितात. घोडे व उंट यांस तो फार बाधतो. गाई-म्हशींत मात्र तो पुष्कळदा दबून राहतो. हे जंतू माणसास बाधत नाहीत, अशीच सर्वांची समजूत होती.

सन २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला कित्येक महिने ताप येत-जात होता. त्याचे रक्त तपासले असता त्यात सर्राचे जंतू आढळले. माणसात या जंतूची अशी खात्रीशीर नोंद पूर्वी झालेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरामिन हे औषध मिळविण्यात आले व रोगी बरा झाला. पुढे त्याच्या गावातील अठराशेहून अधिक लोकांची रक्ततपासणी करण्यात आली. परंतु कोणाच्याही रक्तात जिवंत जंतू सापडले नाहीत. गाव एक, गोठे एक, माश्याही त्याच. मग हाच एक मनुष्य आजारी का पडला?

याचे उत्तर २००६ साली मिळाले. माणसाच्या रक्तात या जातीच्या जंतूंना मारणारे एक प्रथिन असते. त्यास अपोलिपोप्रोटीन एल-१ असे नाव आहे. या शेतकऱ्याच्या शरीरात जन्मतःच ते तयार होत नव्हते. त्याच्या कुंपणात एकच खिंड होती आणि जंतू नेमका तेथूनच आत शिरला.

तथापि, निरोगी माणसानेही निष्काळजी राहू नये. पुढे व्हिएतनाममध्ये हे प्रथिन शाबूत असलेल्या एका स्त्रीसही हा रोग झाल्याचे आढळले. म्हणून आजारी वा मेलेल्या जनावराचे रक्त उघड्या जखमेस लागू देऊ नये व असे काम रबरी हातमोजे घालूनच करावे. ताप येऊन जनावर रोडावत असेल, पायांवर किंवा पोटाखाली सूज असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याचे रक्त तपासून घ्यावे. माळेगावच्या यात्रेतून घोडा विकत आणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कुंपण कशाने मोडते?

जन्मजात उणीव ही क्वचितच आढळणारी बाब आहे. बहुतेकांचे कुंपण पुढे आयुष्यात दुबळे होते. एच.आय.व्ही.ची बाधा होऊन औषधे न घेतलेले किंवा मध्येच सोडलेले लोक, कर्करोगाचे औषध चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइड जातीची औषधे घेणारे, आणि अतिकुपोषित बालके हे लोक या वर्गात मोडतात. असा एखादा तरी मनुष्य गावोगावी असतोच. त्यास प्रामुख्याने तीन जंतूंपासून जपावे लागते.

पहिला शत्रू : मातीतील जंत

स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीत असतो. हळदीच्या भिजलेल्या सऱ्यांत अनवाणी काम करणाऱ्याच्या पायाच्या कातडीतून तो आत शिरतो. इतर जंत काही वर्षांत मरतात. हा मात्र शरीरातच पुन्हा पुन्हा नवी पिढी वाढवितो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या कामावर राबविलेल्या युद्धकैद्यांच्या पोटात तो तीस वर्षांनंतरही सापडला. इतकी वर्षे त्यांपैकी पुष्कळांस त्याचा फारसा त्रासही जाणवला नव्हता.

अशा माणसास सांधेदुखी वा दम्यासाठी स्टेरॉइड सुरू झाले की चित्र पालटते. जंत आतड्यातून फुफ्फुसांत व सर्वांगात पसरतात, आतड्यातील जीवाणू सोबत रक्तात नेतात आणि रोगी दगावू शकतो. म्हणून दुखणे लवकर थांबविणारी अनोळखी गोळी दुकानातून वा भोंदू वैद्याकडून घेऊ नये. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले असल्यास ते स्वतःहून एकाएकी बंदही करू नये, कारण तेही धोक्याचे आहे. आपण अनवाणी शेतात राबतो, हे डॉक्टरांस आधीच सांगावे. एका वेळच्या शौचाच्या तपासणीत हा जंत निसटू शकतो. मुलांना दिली जाणारी अल्बेन्डाझोलची एक गोळीही यास पुरी पडत नाही. त्यावर आयव्हरमेक्टिन हे औषध अधिक गुणकारी आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

दुसरा शत्रू : पाण्यातील जंतू

क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म जंतू माणसांच्या व हगवण लागलेल्या वासरांच्या विष्ठेतून पाण्यात जातो. निरोगी माणसास त्याने जुलाब होतात व एक-दोन आठवड्यांत थांबतात. प्रतिकारशक्ती खचलेल्या एच.आय.व्ही. बाधितास मात्र ते महिनोन्महिने चालू राहतात आणि शरीर झिजून जाते.

येथे ग्रामसेवकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. विहिरीत टाकावयाच्या टी.सी.एल. पावडरने पटकीसारख्या रोगांचे जंतू मरतात. हा जंतू त्या मात्रेने मरत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना याची बाधा झाली; मृत्यू पावलेल्यांत बहुतेक एच.आय.व्ही. बाधित होते. पावडर टाकणे थांबवावे असा याचा अर्थ मुळीच नाही, ती टाकावीच. परंतु दुर्बळ माणसाचे पिण्याचे पाणी त्याशिवाय उकळावे. चांगली उकळी फुटल्यावर ते निदान एक मिनिट चुलीवर ठेवावे.

तिसरा शत्रू : मांजरातील जंतू

टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून व कच्च्या मांसातून माणसात येतो व शरीरात निद्रिस्त राहतो. प्रतिकारशक्ती फार घटली की तो मेंदूवर हल्ला करतो. मांस पूर्ण शिजवावे, भाज्या धुवाव्यात. मांजराची घाण काढण्याचे काम दुर्बळ माणसास व गरोदर स्त्रीस देऊ नये.

ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी काय करावे?

१. शेतात पायताणाशिवाय उतरू नये. उघड्यावर शौचास बसू नये. शौचालय बांधावे व वापरावे.

२. हगवण लागलेले वासरू वेगळे बांधावे. गोठा विहिरीपासून दूर ठेवावा. गोठ्यातील कामानंतर साबणाने हात धुवावेत. दुर्बळ माणसाने आजारी वासरांची उठाठेव करू नये.

३. जुलाब किंवा ताप दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास घरगुती उपाय पुरे समजावेत व प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आपला जुना आजार व चालू औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत. दुर्बळ माणसाने दोन आठवडेही वाट पाहू नये.

४. एच.आय.व्ही.ची औषधे सरकारी एआरटी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. ती नियमित घेतल्यास कुंपण पुन्हा उभे राहते व जुलाबही आटोक्यात येतात. एकही दिवस खंड पडू देऊ नये.

५. कोणास कोणता रोग आहे, हे चावडीवर बोलू नये. एच.आय.व्ही. बाधिताची माहिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. बाधितास गुप्ततेचा विश्वास वाटला तरच तो दवाखान्यात पाऊल टाकील. म्हणून पाणी उकळण्याचा व पायताणाचा सल्ला एका घरास न देता सर्व गावास द्यावा. तो ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचेल.

शेताचे कुंपण मोडले म्हणून शेतकरी शेत सोडून देत नाही. तो काट्या आणतो, खिंड बुजवितो आणि ती बुजेपर्यंत रात्री स्वतः राखण करतो. ज्याच्या शरीराचे कुंपण मोडले आहे, त्याच्यासाठी औषध म्हणजे काट्या व उकळलेले पाणी, पायताण आणि स्वच्छ हात म्हणजे राखण होय. पहिले काम डॉक्टरांचे आहे. दुसरे घरच्यांनी व गावाने करावयाचे आहे.